वेड्यानें कोणाची पायरी चढावी?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या घरांत आम्हीं इतक्या वेळां ऐकली कीं, कोणा पूर्वजानें हात पोळून घेऊन ती खास आमच्यासाठींच रचली असावी, असें लहानपणीं आम्हांस वाटे. शहाण्यानें काय करावें आणि काय करूं नये हें सांगणाऱ्या म्हणी आपल्या भाषेंत विपुल आहेत. वेड्याच्या वांट्यास मात्र चेष्टाच आली. अडचणींत त्यानें कोणाच्या दारीं जावें, कोणाची पायरी चढावी, हें सांगणारी एकहि म्हण आम्हांस आठवत नाहीं. याचें कारण उघड आहे. वेडा आपल्या पायांनीं कोठें जात नाहीं, त्यास कोणीतरी नेतें, अशीच आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत. पुण्यांत "याला येरवड्याला धाडला पाहिजे" असें कोणी म्हटलें, तर बोलणाऱ्याच्या मनांत तुरुंग आहे कीं मनोरुग्णांचें इस्पितळ आहे, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावें लागतें; कारण दोन्ही संस्था तेथेंच आहेत. मुंबईकर हेंच वाक्य ठाण्याचें नांव घेऊन बोलतो. तेथें तर श्लेष आपोआपच साधतो: एक ठाणें इस्पितळाचें, दुसरें पोलिसांचें. या श्लेषाची मौज मात्र आम्हांस कधींच वाटली नाहीं. कां, तें सांगतों.

आमचे धाकटे मामा एका कचेरींत कारकून होते. अक्षर मोत्यासारखें, हिशेब पक्का, आणि सुटीच्या दिवशीं आम्हां भाचरांना पर्वतीवर नेऊन उतरतांना भेळ चारण्याची हौस मोठी. १९८२ सालच्या पावसाळ्यांत त्यांची झोंप उडाली. रेडिओवरच्या बातम्यांत आपलें नांव घेतात, असें ते म्हणूं लागले. घरांत आधीं हंसण्यावारी नेलें, मग अंगारे झाले, एका वैद्यांचे काढे झाले; मनोविकारांच्या डॉक्टरचें नांव मात्र कोणीं काढलें नाहीं. धाकट्या मावशीचें लग्न ठरत होतें, आणि तें नांव काढणें म्हणजे तें लग्न मोडणें, असा हिशेब सर्वांनीं मनोमन केला होता. शेवटीं एका रात्रीं मामा भर पावसांत उघड्या अंगानें रस्त्यावर जाऊन उभे राहिले, आणि "माझें नांव कां घेतां?" असें येणाऱ्याजाणाऱ्यास विचारूं लागले. कोणीतरी चौकीवर कळविलें. दोन शिपाई आले. मामांनीं त्यांसहि तोच प्रश्न विचारला. दोरीनें हात बांधून त्यांना नेलें, रात्रभर कोठडींत ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं मॅजिस्ट्रेटपुढें उभें करून येरवड्याच्या इस्पितळांत पाठविलें. आम्ही तेव्हां अकरा-बारा वर्षांचे होतों, आणि दोरीनें बांधलेले ते हात आम्हीं वाड्याच्या खिडकींतून पाहिले.

चार महिन्यांनीं मामा परत आले. औषधानें त्यांना गुण पडला होता. नोकरी टिकली, पुढें मानानें निवृत्तहि झाले. इस्पितळाविषयीं ते मोकळेपणानें बोलत. तेथील एका परिचारिकेची आठवण तर फार मायेनें काढीत. परंतु त्यानंतरच्या तीस वर्षांत त्या चौकीच्या रस्त्यानें ते एकदांहि गेले नाहींत. मंडईंतून घरीं येतांना हातांत भाजीची पिशवी असली तरी ते लांबचा वळसा घेत. आणि अधूनमधून, कोणी जवळ नसतांना, आमच्या आईला विचारीत, "ताई, मी केलें काय होतें ग?" आईपाशीं उत्तर नव्हतें. त्यांनीं कांहींच केलें नव्हतें. ते आजारी होते.

त्या दोघां शिपायांस दोष देण्याचा मोह आम्हांस पुष्कळ वर्षें होता. पुढें कायदे वाचले तेव्हां तो कमी झाला. त्या वेळीं लागू होता तो १९१२ सालचा, इंग्रजांच्या अमदानींतला 'लुनसी ॲक्ट'. भाषा शिकविण्यांत आयुष्य गेलें म्हणून असेल, पण कायदा वाचतांना आमची नजर आधीं क्रियापदावर जाते. भटकणाऱ्या वेड्यास ठाण्याच्या अंमलदारानें 'अटक' करावी, असें त्या कायद्याचें क्रियापद होतें. भटकणारा असेल तर तो अधिकार, आणि धोक्याचा वाटेल तर तें कर्तव्य. चोरास लावावयाचें तेंच क्रियापद आजाऱ्यास लावलें, म्हणजे चोरासाठीं असलेली दोरी आणि कोठडी त्याच्या पाठोपाठ यावयाचीच.

१९८७ सालीं नवा कायदा झाला, व तो अंमलांत यावयास १९९३ साल उजाडलें. त्यांत 'अटक' जाऊन 'संरक्षणाखालीं घेणें' आलें. परंतु संरक्षणाखालीं घेतलेल्या मनुष्यास चोवीस तासांत न्यावयाचें तें मॅजिस्ट्रेटकडेच. त्याच १९९३ सालीं शीला बारसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगांत ठेवणें बेकायदा व घटनाबाह्य आहे. असा निर्णय मागण्याची पाळी यावी, यावरूनच पश्चिम बंगालच्या तुरुंगांत काय चाललें होतें तें वाचकांच्या ध्यानांत येईल. पुढें ६ ऑगस्ट २००१ च्या पहांटे तामिळनाडूंतील एरवाडी येथें एका खासगी आश्रयस्थानास आग लागली. तेथील रुग्ण सांखळ्यांनीं बांधलेले होते, त्यांस पळतां आलें नाहीं. अठ्ठावीस जीव गेले. तें वृत्त वाचतांना मामांनीं वर्तमानपत्र घडी करून बाजूस ठेवलें आणि त्या दिवशीं ते जेवले नाहींत.

आज जो कायदा आहे तो 'मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७'. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचें शंभरावें कलम प्रत्येक सुशिक्षित घरांत एकदां वाचलें जावें असें आम्हांस वाटतें. आपल्या हद्दींत कोणी मनोरुग्ण निराधार भटकत असेल, किंवा आजारामुळें स्वतःस वा इतरांस धोका होईल अशा स्थितींत असेल, तर त्यास संरक्षणाखालीं घेणें हें ठाण्याच्या प्रमुखाचें कर्तव्य आहे. त्यास कां नेत आहोंत हें त्याला, अथवा समजण्याच्या स्थितींत तो नसेल तर त्यानें नेमलेल्या प्रतिनिधीस, सांगावयास हवें. न्यावयाचें तें मॅजिस्ट्रेटकडे नव्हे, तर जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत, शक्य तितक्या लवकर आणि उशिरांत उशिरा चोवीस तासांत. कोठडींत किंवा तुरुंगांत त्यास कोणत्याहि परिस्थितींत ठेवावयाचें नाहीं. तो बेघर असेल तर हरवलेल्या मनुष्याची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावयाचा, हेंहि पोलिसांचेंच काम. याच कायद्यानें सांखळ्या बंद केल्या. आणि जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य आरोपी नसून असह्य ताणाखालीं सांपडलेला आहे असें गृहीत धरावें, असेंहि सांगितलें. १९१२ पासून २०१७ पर्यंत एकशेंपांच वर्षांत क्रियापद बदललें. तें ठाण्याच्या पायरीपर्यंत पोंचलें आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.

गेल्या वर्षीं श्रावणांत तो प्रश्न आमच्याच जिन्यांत येऊन उभा राहिला. आमच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी भाड्यानें एकटा राहतो. हुशार, मितभाषी, आई साताऱ्याकडे एका खेड्यांत. नळाच्या पाण्यांत कोणी कांहीं मिसळतें, असें तो बोलूं लागला होता, हें आम्हांस दोन आठवडे ठाऊक होतें. कामाचा ताण असेल म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. ज्या घरानें चाळीस वर्षांपूर्वीं अंगारे लावले त्याच घरांतले आम्ही. आमच्या अंगाऱ्याचें नांव 'ताण', इतकाच काय तो फरक. एका रात्रीं त्यानें दार आंतून लावून घेतलें आणि भांडीं गॅलरींतून खालीं फेंकण्यास सुरुवात केली. खालीं माणसें जमलीं, हात उंच करून फोनवर चित्रें घेऊं लागलीं. कोणी म्हणाले दार फोडा, कोणी म्हणाले पोलिसांस बोलवा. जमलेल्यांत वडीलधारे आम्ही. फोन आम्हींच केला. चाळीस वर्षांपूर्वीं चौकीवर कळविणारा तो 'कोणीतरी' कोण असेल, याचा विचार आम्हीं पुष्कळदां केला होता. त्या रात्रीं तो आम्हांस भेटला.

एक वयस्क हवालदार आणि एक तरुण महिला शिपाई अशीं दोघें आलीं. हवालदारांनीं रिवाजाप्रमाणें दारावर काठी आपटली, आणि उघडलें नाहीं तर दार तोडूं असें बजावलें. आंतला आवाज दुप्पट झाला. तेव्हां त्या बाईंनीं हवालदारांना बाजूस घेऊन कांहीं सांगितलें, जिन्यांतल्या सर्वांस खालीं पाठविलें, आमच्याकडून त्याचें नांव विचारून घेतलें, आणि दारापासून दोन पायऱ्या सोडून त्या खालीं बसल्या. मग हळू आवाजांत म्हणाल्या, "दादा, मी इथं जिन्यात बसलेय. दार उघडायची घाई नाही. जेवलात का?" उत्तर नाहीं. दहा मिनिटांनीं त्यांनीं पुन्हां तेंच विचारलें. पाण्यांत विष आहे, असें तो आंतून ओरडला. बाईंनीं 'नाहीं' म्हटलें नाहीं, 'आहे' असेंहि म्हटलें नाहीं. "मग तहान लागली असेल," एवढेंच त्या म्हणाल्या. पाऊण तासानें दार उघडलें. "मला कुठं नेणार?" हा त्याचा पहिला प्रश्न. "दवाखान्यात. चौकीत नाही. सर पण येतायत बरोबर."

हें वचन पाळणें दार उघडविण्याहून अवघड ठरलें. नोंदीसाठीं गाडी ठाण्यावर थांबली. तेथील ठाणे अंमलदार म्हणाले कीं, मॅजिस्ट्रेटचा हुकूम असल्याशिवाय वेड्याला इस्पितळांत नेतां येत नाहीं. सकाळपर्यंत आंत बसवा. गृहस्थ दुष्ट नव्हते. रात्रीचे बारा वाजून गेले होते, आणि ते सकाळीं आठापासून कामावर होते. परंतु ते सांगत होते तो कायदा २०१८ सालींच संपला होता. आम्हीं फोनवर शंभरावें कलम काढून त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें. "सर, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही," असें म्हणून त्यांनीं गाडी पुढें सोडली. इस्पितळांत रात्रपाळीच्या डॉक्टरांनीं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि सांगितलें कीं, मानसोपचारतज्ज्ञ सकाळीं येतात व खाट रिकामी नाहीं. तो, त्या बाई आणि आम्ही, असे पहांटेपर्यंत एका बांकावर बसून राहिलों. पहांटे चहा घेतांना बाईंना आम्हीं विचारलें, हें सारें तुम्ही कोठें शिकलांत? त्या म्हणाल्या, "शिकणार कुठं, सर? माझा थोरला भाऊ असाच आहे."

या उत्तरानें आम्हांस धन्य वाटावयास हवें होतें, भीति वाटली. त्या रात्रीं त्या बाईंची पाळी नसती तर? त्यांच्या घरीं तो भाऊ नसता तर? दार फुटलें असतें, काठी चालली असती, आणि आमच्या विद्यार्थ्यानें पुढचीं तीस वर्षें वळसा घेतला असता. एखाद्या पोलिसाच्या घरीं दुःख असेल तर आपल्या मुलाशीं नीट वागणूक होईल, अशा भरंवशावर कोणत्याहि राज्यानें राहूं नये. जें त्या बाईंना घरच्या दुर्दैवानें शिकविलें तें सर्वांना सरकारनें शिकवावें, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि हें मागणें नवें नाहीं. याच कायद्याच्या तिसाव्या कलमांत, पोलिसांसह सर्व सरकारी अंमलदारांस या विषयाचें शिक्षण वेळोवेळीं द्यावें, असा सरकारला स्पष्ट आदेश आहे. आम्ही मागतों ती दयेची भीक नसून आदेशाची अंमलबजावणी आहे.

असें शिक्षण देतां येतें काय? येतें. अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं १९८७ सालीं सुरीनें स्वतःसच इजा करून घेणारा सत्तावीस वर्षांचा एक आजारी तरुण पोलिसांच्या गोळ्यांनीं मरण पावला. शहरांत हळहळ व संताप झाला, आणि १९८८ सालीं पोलिस, डॉक्टर, विद्यापीठ व रुग्णांचे नातेवाईक यांनीं एकत्र बसून एक योजना आंखली. जे पोलिस आपण होऊन पुढें येतील त्यांना चाळीस तासांचें शिक्षण द्यावयाचें, आणि अशा प्रसंगीं त्यांसच पाठवावयाचें. पुढें ही पद्धत अमेरिकेंतील पुष्कळ शहरांनीं उचलली. शिकवावयाचें तें तरी काय? एकानेंच बोलावें, हळू बोलावें, अंतर राखावें, गर्दी हटवावी, भ्रमाशीं वाद घालूं नये व त्याला होकारहि देऊं नये, पुढें काय होणार तें आधीं सांगावें, आणि सांगितलें तेंच करावें. वाचक म्हणतील, हें तर त्या बाईंनीं जिन्यांत बसून केलेंच. खरें आहे. शहाणपण एकच, एके ठिकाणीं तें योगायोगानें भेटलें, दुसरीकडे तें चाळीस तासांच्या वर्गांत शिकवितात.

परंतु मेम्फिसच्या योजनेंत एक गोष्ट अशी आहे कीं, तिच्यावांचून बाकीचें सर्व फुकट जावें. पोलिसांनीं आणलेला रुग्ण कोणत्याहि वेळीं, नकार न देतां दाखल करून घेणारें इस्पितळ त्या योजनेचेंच अंग आहे. आपल्याकडे शिपाई उद्यां कितीहि शहाणा झाला, तरी रात्रीं दोन वाजतां त्याची गाडी कोणाच्या दारीं थांबणार? महाराष्ट्रांत मनोरुग्णांसाठीं येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी हीं चार मोठीं सरकारी इस्पितळें, चारहि इंग्रजी अमदानींतलीं. एका टोंकाच्या तालुक्यांतल्या शिपायानें चोवीस तासांच्या आंत कोठें जावें? बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें आढळलें कीं, निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकीं शेंकडा ७० ते ९२ जणांस उपचार मिळतच नाहींत. लाखामागें एक मानसोपचारतज्ज्ञहि या देशाच्या वांट्यास पुरता येत नाहीं. २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर कोणासहि बोलतां येतें. ही चांगली गोष्ट झाली, आणि आम्हांस तो क्रमांक त्या दोन आठवड्यांत आठवला असता तर पुढची रात्र कदाचित् टळती. पण फोन मनुष्यास खाट देऊं शकत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. प्रत्येक पोलिस शिक्षणशाळेंत या विषयास परीक्षेच्या विषयाइतकें स्थान मिळावें, आणि शिकविणारांत डॉक्टरांबरोबर बरे झालेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक असावेत. प्रत्येक ठाण्यांत शंभरावें कलम मराठींत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावें. प्रत्येक जिल्हा रुग्णालयांत अशा रुग्णासाठीं रात्रंदिवस कांहीं खाटा राखून ठेवाव्यात, आणि 'सकाळीं या' हें उत्तर तेथें कोणास देतां येऊं नये. बेघर रुग्णांच्या घरच्यांचा शोध तर प्रत्यक्ष होऊं शकतो. रस्त्यावरील मनोरुग्णांस उचलून, उपचार करून, त्यांचें गांव शोधून घरीं पोंचविण्याचें काम डॉ. भरत वाटवानी यांनीं कर्जतच्या श्रद्धा संस्थेंतून वर्षानुवर्षें केलें, व त्यासाठीं २०१८ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जें एक संस्था करूं शकते त्याची सुरुवात तरी ठाण्यांतल्या नोंदवहींत व्हावी.

यावर दोन आक्षेप आम्हांस ऐकूं येतात. एक असा कीं, पोलिसांवर आधींच कामाचा डोंगर आहे. आहेच, सोळा तास उभ्या असलेल्या मनुष्यानें शांतपणें बोलावें अशी अपेक्षा करणाऱ्यानें त्याच्या झोंपेचीहि काळजी केली पाहिजे. पोलिसांच्या मनाचें आरोग्य हा या सुधारणेचाच भाग आम्ही समजतों. दुसरा आक्षेप, वेडा धोक्याचा असतो. कांहीं थोडे असतातहि. पण बहुतेक मनोरुग्ण कोणास इजा करीत नाहींत, उलट मार खाण्याची पाळी त्यांच्यावरच अधिक येते. आमचे मामा त्या रात्रीं रस्त्यावर उभें राहून केवळ एक प्रश्न विचारीत होते.

आणि दोष सरकारच्याच पदरीं घालून आम्ही मध्यमवर्गीयांनीं मोकळें होणें बरें नव्हे. घरांतला आजार आम्ही लग्नकार्यासाठीं लपवितों, तो विकोपास गेला म्हणजे पोलिसांस बोलावितों, आणि मग पोलिसांच्या काठीविषयीं निबंध लिहितों. दोन आठवडे आधीं आम्हीं एकदां वर जाऊन त्याचें दार वाजविलें असतें, तर काठीचा प्रसंगच आला नसता.

मामा पांच वर्षांपूर्वीं वारले. विद्यार्थी आतां बरा आहे. औषध घेतो, कामावर जातो, त्याची आई मधूनमधून येऊन राहते. दिवाळींत तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, त्या बाईंना फराळ द्यायचाय. याल का बरोबर?" आम्ही दोघे ठाण्यावर गेलों. बाहेर तीन पायऱ्या आहेत. तेथें आमचे पाय कां थबकले हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यानें मागें वळून पाहिलें, आमच्या हातांतला डबा आपल्याकडे घेतला, आणि तो आधीं वर चढला.